दसऱ्याच्या नमस्काराची उपसमिती

या, असे पुढं सरका. बुवा शिरूरहून निघालेत म्हणतात, म्हणजे अजून चहाच घेत असतील. पखवाजाला कणीक लावून होईस्तोवर आमच्या वाडीची एक कथा सांगतो.

न्हावऱ्याच्या अलीकडं आमची वाडी. तिथं झुंबरबाई नावाच्या विधवा, वय एकोणचाळीस, दावणीला सहा गाई. दुधाचा पिकअप चालवणारा सत्यजीत अठ्ठावीसचा. रोज कॅन उचलता उचलता दोघांचं जमलं, आणि दसऱ्याआधी लग्न करायचं ठरलं.

गाव पुरोगामी. प्रेमाला कुणाची हरकत नव्हती, विधवेच्या लग्नालाही नव्हती. हरकत फक्त एका तांत्रिक मुद्द्यावर होती. तो मांडला सर्जेरावांनी. ते माजी सरपंच आणि झुंबरबाईंचे चुलत सासरे. बैठक त्यांच्याच ओसरीवर. नीलम पदर सावरत चहा घेऊन आली.

"दसऱ्याला सोनं दिल्यावर पाया कुणी कुणाच्या पडायचं?" सर्जेराव म्हणाले. "ल्हानानं मोठ्याच्या, ही रीत. बायकोनं नवऱ्याच्या, हीबी रीत. हितं दोन्ही रीती समोरासमोर आल्या."



"आबा, नवराच बायकोच्या पाया पडाया लागला," सभेतले कोंडिबा घाबरून म्हणाले, "तर उद्या आमच्या घरात काय व्हईल?"

सदर भीती लक्षात घेऊन सर्वानुमते उपसमिती नेमण्यात आली. अहवाल येईपर्यंत लग्न स्थगित, आणि संपर्क टळावा म्हणून झुंबरबाईंचं दूध पिकअपमध्ये घेण्यास मनाई. दूध उंबऱ्यातच नासू लागलं. झुंबरबाई थेट ओसरीवर आल्या.

"मामंजी, गाईला काय सांगू? अहवाल येईस्तवर पान्हा चोरून धर म्हणू?"

त्या परत निघाल्या, तेव्हा दारापाशी नीलमनं हळूच विचारलं, "ताई, लग्नाचं त्यानं तुम्हाला इचारलं व्हतं?"

"व्हय की."

"इचारल्यावर कसं वाटतं?"

आतून चहाची हाक आली. नीलम गेली.

उपसमितीनं पहिला उपाय सुचवला : ठरावाद्वारे झुंबरबाईंचं वय अकरा वर्षांनी कमी करणे. टाळ्या झाल्या. मग कोंडिबांनी बोटं मोजली.

"पर आबा, अठरातनं अकरा गेली, मग पहिल्या लग्नात बाई सात वर्सांची व्हती. आन् ते लगीन तुम्हीच लावलं. बालविवाहाची केस हुईल की."

सर्जेरावांनी ठराव बशीखाली सरकवला.

दुसरा उपाय : सत्यजीतचं वय अकरा वर्षांनी वाढवणे. ही बातमी त्याच्या आईला, अनसाबाईंना, कांद्याच्या वाफ्यात कळली. त्या खुरप्यासकट आल्या.

"माझं लेकरू एकोणचाळीसचं? मला उजवूनच पस्तीस वर्सं झाली, मुडद्यांनो! आधीची चार वर्सं ते काय तुमच्या वळचणीला ठिवलं व्हतं?"

सभा तहकूब झाली. काही सदस्य परड्यातून गेले.

अखेर दोघं दौंडला जाऊन हार घालून आले. आता उरला दसरा. संध्याकाळी सगळी वाडी झुंबरबाईंच्या अंगणाभोवती उभी. उपसमिती मोक्याच्या जागी, गोठ्याच्या भिंतीवर. सत्यजीतनं आपट्याची पानं झुंबरबाईंच्या हातात ठेवली. गाईंनी रवंथ थांबवला असावा, इतकी शांतता.

"बघत काय उभा राह्यलास?" झुंबरबाई म्हणाल्या. "कॅन धर. दूध नासंल."

दोघं एकदमच वाकले आणि कॅनच्या दोन कड्या धरून चालू लागले.

'उभयता कॅनच्या पाया पडल्याचे आढळले,' अशी नोंद झाली. बायकोनं नवऱ्याला अरे-तुरे करण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला.

त्याच संध्याकाळी सर्जेरावांच्या ओसरीवर नीलमनं सोनं दिलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते बघायला कुणी गेलं नव्हतं. सर्जेराव एकसष्टचे. नीलम बावीसची. सून नव्हे, दुसरी बायको. तिथं दोन्ही रीती बिनचूक जुळत असल्यानं तांत्रिक अडचण नव्हती.

आणि माउली, झुंबरबाईंचं वय सांगितल्याबरोबर तुम्हीही मनात वजाबाकी केलीत. चहा घेऊन आलेल्या पोरीचं वय काही विचारलं नाहीत.

असो. बुवा आले वाटतं. आता नामाच्या गजरात टाळ्या वाजवाल, त्यातली एक टाळी नीलमची आठवण ठेवून वाजवा. ती अजून उत्तराची वाट बघत दारापाशी उभी असते.