फुलीवर चढवलेला पट्टा

हेमावती गेली त्या दिवशी दुपारपर्यंत घरात रडारड होती. दुपारनंतर शोधाशोध सुरू झाली. लिंगायतांच्या रीतीनं विभूती लावून, हार घालून तिला ओसरीत बसवलं होतं आणि बॅनरवाल्याचा सारखा फोन येत होता, "सावकार, अक्काचा फोटो धाडा की." तेव्हा कळलं, सबंध संसारात हेमावतीचा धड एक फोटो घरात नाही. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर घ्यायची. "माझं काय बघायचंय त्यात?" म्हणायची. लेकीच्या लग्नाच्या अल्बमात खूप शोधल्यावर तिचा एक हात सापडला. हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. त्यात हेमावती अशी बघत होती, जणू दूध उतू गेलंय आणि घरातलं कुणी कबूल होत नाही. तोच फोटो पुढे चौकटीत बसून तिच्या नवऱ्याच्या, बसवंतप्पांच्या खुर्चीसमोर आला. डॉक्टरांनी बंद केलेली साखर चहात टाकायची तर आता त्यांना खुर्ची फिरवावी लागे.

वर्षाचं कार्य जवळ आलं तशी लेक दानेश्वरी म्हणाली, "अप्पा, अव्वा असं कधी बघत नव्हती हो. शिवशरण मामानं तुमच्या लग्नाची फिल्म काढली होती न्हाई का? त्यातनं फोटो घेऊ."

बसवंतप्पांचा हात चहाच्या कपावरच थांबला. हेमावतीचा हसरा चेहरा आठवायला गेलं की हल्ली त्यांना आधार कार्डच दिसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवशरण म्हणजे हेमावतीचा थोरला भाऊ. मस्कतला नोकरीला होता. कॅमेरा आणि प्रोजेक्टर त्यानंच आणला आणि जाताना बहिणीच्या घरी ठेवून गेला. माळ्यावरून पेटी काढली. मशीनच्या मागच्या चाकावर रीळ तसंच होतं. दानेश्वरीच्या बारशाला शेवटचं बघितलं, तेव्हा पुढच्या चाकावर परत गुंडाळायला हवं होतं. "राहू द्या, मग गुंडाळू," असं हेमावतीच म्हणाली होती.

बटण दाबलं. मोटर गुरगुरली, बाकी काही हललं नाही. बसवंतप्पांनी पेटी आपल्या डाळमिलच्या गोदामात नेली आणि मिलचा मिस्त्री भीमण्णा याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून बघितलं. रबरी पट्ट्याचा गुळाचा पाक झाला होता.

"पट्टा विरघळलाय, सावकार. आणि बल्ब बी गेलाय."

"मग?"

"बल्ब ट्रॅक्टरचा बसवतो. पट्ट्याचं बघावं लागंल."

बघता बघता त्याची नजर पोती शिवायच्या मशीनवर गेली. त्याचा पट्टा काढून इकडे लावला. लांबीला थोडा जास्त भरला, त्यामुळे घसरायला लागला. भीमण्णाला यात काही नवं नव्हतं. मिलमध्ये पट्टा घसरला की तो फुलीवर चढवायचा, म्हणजे मधे पीळ देऊन. मग पट्टा चाकाला घट्ट धरतो. इथंही त्यानं तेच केलं. प्रोजेक्टर खटखट चालू झाला.

"बघा, कसं पळायलंय!" भीमण्णा म्हणाला. मागच्या चाकावरची फिल्म आपोआप पुढच्या चाकाकडे ओढली जाऊ लागली, तेव्हा तो आणखी खूश झाला. "रीळ बी बरोबर जागेवर हाय. गुंडाळायचं काम वाचलं."

पण आता पोती शिवता येईनात. तुरीची पोती तोंडं उघडी टाकून उभी राहिली. हमालांचा मुकादम मारोती आत आला.

"सावकार, गाडी उभी हाय. मशीनचा पट्टा कामून काढलाव?"

"थांब जरा. तुमच्या अक्काला बघायलोय."

मारोतीनं गाडीवाल्याला थांबवलं आणि सगळ्या हमालांना आत घेतलं. गोदामाचं शटर ओढून अंधार केला. बसवंतप्पांचं धुतलेलं धोतर भिंतीवर ताणून बांधलं. दानेश्वरीनं मोबाइल धरला. "कुणी मधे येऊ नका. फिल्म थांबवली तर बल्बनं जळंल. फोटो चालत्या फिल्मवरच काढावा लागंल."

धोतरावर उजेड पडला. पंगत दिसली. एका पाहुण्यानं तोंडातून पुरणपोळी बाहेर काढली. ती हळूहळू अख्खी झाली आणि त्यानं ती पानात ठेवली. वाढप्यानं ती उचलून टोपलीत घातली. पाठोपाठ सगळ्या पंगतीनं पोळ्या परत केल्या.



"सावकार," मारोती म्हणाला, "तुमच्या लग्नात जेवलेलं बी काढून घेतलं व्हय?"

पोत्यांवर बसलेले हमाल हसत हसत खाली घसरले. भीमण्णा डोकं धरून म्हणाला, "फुली! फुलीनं चाक उलटं फिरायलंय. बंद करू का?"

"जळंल म्हणलं ना! चालू द्या," दानेश्वरी ओरडली.

नवरा-नवरीच्या डोक्यावरच्या अक्षता उडाल्या आणि लोकांच्या मुठीत जाऊन बसल्या. तरुण बसवंतप्पानं नवरीच्या गळ्यातला हार काढून घेतला. "अप्पा, बघा, लग्न मोडायलाव तुम्ही!" दानेश्वरीचे डोळे हसून ओले झाले होते. या सगळ्यात नवरीची मान मात्र खालीच होती.  इथंही ती दिसणार नाही असं बसवंतप्पांना वाटलं.

शेवटी नवरीच्या घराचं दार आलं. दारात पदरानं तोंड झाकलेली एक मुलगी उभी होती. खरं म्हणजे शिवशरणनं सगळ्यात आधी हेच टिपलं होतं. हसत बाहेर आलेल्या बहिणीनं कॅमेरा बघून चेहरा झाकला होता. दरवेळी लोक जागा धरून बसेपर्यंत हे निघून जायचं. आज ते शेवटी आलं, आणि उलटं आलं.

तिनं तोंडावरचा पदर काढला. समोर बघितलं. आणि दात दिसतील एवढी हसली.

हसत हसतच ती मागे मागे घरात गेली. धोतर पांढरं झालं. 

"काढलास का?" बसवंतप्पांनी विचारलं.

दानेश्वरीनं हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "दाबायचंच राहिलं, अप्पा."

"असू दे. पुन्हा लावू."

भीमण्णा झाकण उघडायला पुढे झाला. "पट्टा सरळ करतो, सावकार. मंग नीट दिसंल."

"हात लावू नकोस," बसवंतप्पा म्हणाले. "सरळ केलास तर ती परत तोंड झाकंल."

मारोतीला त्यांनी पोती शिवायच्या मशीनसाठी नवा पट्टा आणायला पाठवलं.

आता रोज दुपारी ते शटर ओढतात, रीळ हातानं मागच्या चाकावर गुंडाळतात आणि समोर चहा घेऊन बसतात. वर्षाचं कार्य होऊन गेलं. प्रोजेक्टरचा पट्टा सरळ करायचा राहिलाय. चौकटीतला फोटोही बदलायचा राहिलाय.