भाडेकरूस पायरीची परवानगी का देऊ नये

जगात दोन प्रकारची माणसं असतात. एकांच्या पायाखाली जमीन असते आणि दुसऱ्यांच्या नावावर. पहिल्यांना सहानुभूती दर रविवारी चर्चमध्ये फुकट मिळते. दुसऱ्यांना मार्गदर्शन करायला मात्र कोणी पुढे येत नाही. हा अन्याय दूर व्हावा एवढ्याच हेतूने मी, सायबर्ट ट्रॉटमन, हे लिहायला बसलो आहे.

पंप हिलवर माझ्या मालकीचे जमिनीचे सहा तुकडे आहेत. प्रत्येकावर एकेक भाडेकरू राहत असे. ('असे' का, ते पुढे येईलच.) आमच्या बार्बाडोसात पद्धत सरळ आहे. जमीन मालकाची, घर भाडेकरूचं. घर लाकडाचं असतं. एक दार, दोन खिडक्या, वर पत्रा आणि खाली पाया नाही. सुटे दगड रचायचे आणि त्यांवर घर ठेवायचं, टेबल ठेवावं तसं. मालकाशी बिनसलं तर भाडेकरू खिळे काढतो, भिंती लॉरीवर घालतो आणि दुसऱ्या मालकाच्या जमिनीवर तेच घर पुन्हा उभं करतो. आमच्या आज्यापणज्यांपासून हे असंच चालत आलं आहे. मालकाला ही पद्धत फार सोयीची, कारण ज्याला कधीही ऊठ म्हणता येतं तो माणूस आवाज चढवून बोलत नाही.

सबब, पहिली सूचना अशी की भाडेकरूला सिमेंटला हात लावू देऊ नये. लाकूड स्वभावाने नम्र असतं. सिमेंट आज पायरीत येतं, उद्या ओट्यात, परवा भिंतीत, आणि मग एक दिवस भाडेकरू 'आमचं पंप हिल' असं म्हणू लागतो. देशाला स्वातंत्र्य मिळून नुकती दोन वर्षं झालेली, त्यामुळे असले गैरसमज हवेतच होते. मी केलेल्या पाहणीनुसार (पाहणी रमच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून केली) सिमेंट वापरणाऱ्या भाडेकरूंपैकी शेकडा शंभर जणांनी मला 'सर' म्हणणं सोडलं. पाहणीत असा भाडेकरू एकच होता, पण निष्कर्ष स्पष्ट आहे.

झाडांच्या बाबतीत धोरण उलटं ठेवावं. झाड जमिनीला धरून असतं, म्हणून ते मालकाचं. तेव्हा भाडेकरूला झाडं लावायला उत्तेजन द्यावं, रोपाचं तोंडभर कौतुक करावं. आमच्या मिस एल्वी यीअरवूडने लावलेला नीरफणस असा काही फोफावला की हंगामात ती मला टोपलीभर फळं आणून देई. मी ती घेत असे. माझीच वस्तू मला आणून देण्याइतका प्रामाणिकपणा हल्ली कुठे राहिला आहे?

कोंबड्या, कुंड्या, पडदे, रेडिओ (क्रिकेटच्या दिवसांत आवाज मोठा करून) आणि प्रार्थना यांना परवानगी असावी. विहीर, दगडी कुंपण, मोरी आणि थडगं यांना नसावी. थडग्यासाठी अद्याप कोणी अर्ज केला नव्हता, पण नियम आधीच करून ठेवलेला बरा.

हे सगळं सुरळीत चाललं असताना मिस एल्वी पडली.

मिस एल्वीने ऐंशी ओलांडली होती. तिच्या दाराखाली खारवलेल्या माशांची एक रिकामी पेटी पायरी म्हणून ठेवलेली असे. ती पेटी सरकली आणि मिस एल्वी गुडघ्यावर आपटली. डॉक्टरने बजावलं, की आता एक तर धड पायऱ्या करून घे, नाही तर शहरात पुतणीकडे जा.

ती काठी टेकत माझ्या फाटकाशी आली.

"सायबर्ट, मला दोन पायऱ्या हव्यात. सिमेंटच्या. पैसे माझे, गवंडी माझा, गुडघेही माझेच."

"मिस एल्वी, सिमेंटला परवानगी नाही."

"अरे, पायऱ्या म्हणाले मी, किल्ला नाही!"

"आज पायऱ्या म्हणाल, उद्या..."

"उद्या मी मरेन. त्याच्या पुढचं मला नको सांगूस. पुन्हा पडले तर ती पुतणी मला घेऊन जाईल. तिच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही रे. इथे दार उघडलं की दहा माणसं 'काय मिस एल्वी' म्हणतात. तिथे मला कुत्रं तरी विचारील का?"

माणुसकी म्हणून मी तिला दुसरी पेटी देऊ केली. (थोडी वाळवी लागलेली, पण विनाअर्ज.)

तिने काठी काखेत धरून दोन्ही हात माझ्यापुढे केले. "तुझा शेंबूड पुसलाय मी या हातांनी."

"तेव्हा ही जमीन माझ्या नावावर नव्हती," मी म्हणालो. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक होतं.

पुढच्या सोमवारी पाहतो तर पायऱ्या बांधून तयार. शेजारच्या तुकड्यावरच्या ऑर्व्हिल गिटन्सने रविवारची प्रार्थना बुडवून त्या बांधल्या होत्या. मी जाऊन तपासणी केली. काम उत्तम होतं, पाणी ओतलं तरी एका बाजूला वाहिलं नसतं, शिवाय हाताला धरायला लोखंडी कठडा. अशा वेळी मालकाने भावनेच्या आहारी जाऊ नये. मी पुढीलप्रमाणे नोटीस लिहिली:

'सदर भाडेकरूने सदर जागेत पायऱ्या (नग दोन) बांधून जमिनीशी कायमचा संबंध जोडल्याचे निदर्शनास आले आहे. सबब महिनाअखेर जागा रिकामी करावी.'

ऑर्व्हिलने ती तिला पायरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवली. मिस एल्वी म्हणाली, "कायमचा संबंध! लग्नातसुद्धा मला कोणी इतकं लिहून दिलं नव्हतं."

इथे होतकरू मालकांसाठी एक खुलासा करणं आवश्यक आहे. नोटीस ही बजावण्याची वस्तू आहे, पाळण्याची नव्हे. रिवाज असा की भाडेकरूने रडत यावं, आपण छपराकडे बघावं, त्याने पायऱ्या फोडाव्यात आणि आपण उदार मनाने नोटीस मागे घ्यावी. मिस एल्वीला हा रिवाज कोणी समजावून सांगितलेला दिसत नव्हता. तिने नोटीस पाळली.

शनिवारी सकाळी अख्खं पंप हिल तिच्या दारात जमलं. लॉरीची गरजच नव्हती, कारण ती रस्त्याच्या पलीकडे, डकोस्टा वीक्सच्या कुरणात निघाली होती. वीक्सला व्यवस्थापनातलं ओ की ठो कळत नाही. मिस एल्वीने जागा मागितली तर म्हणाला, "ठेव की. गाय काही बोलली तर बघू."

मी छत्री उघडून देखरेखीला उभा राहिलो.

"मिस्टर ट्रॉटमन, जरा सरका, छप्पर येतंय."

"खालचे दगड माझे आहेत," मी सर्वांना बजावलं.

"असू देत! उशाला घ्या!" भिंतीच्या मागून कोणीतरी ओरडलं. सगळे इतके हसले की भिंत खाली ठेवावी लागली.

मिस एल्वी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "सायबर्ट, उन्हात नको उभा राहूस. तुला लहानपणापासून ऊन सोसत नाही." भाडेकरूने मालकाच्या प्रकृतीत केलेला हा हस्तक्षेप मी मनात नोंदवून ठेवला.

दुपारपर्यंत घर पलीकडे उभं राहिलं. दारापुढे नव्या पायऱ्यांसाठी सिमेंट कालवत होता तो खुद्द वीक्स. जमिनीचा मालक, भाडेकरूसाठी, स्वतःच्या हाताने! ते दृश्य दिसू नये म्हणून मी छत्री पुढे धरली. नंतर सगळ्यांना डुकराच्या मांसाचं लोणचं आणि रताळ्याचं पुडिंग वाढलं. एक ताटली रस्ता ओलांडून माझ्याकडेही आली. ती मी निषेध नोंदवून रिकामी केली.

यापुढे जे घडलं ते केवळ भूगोलामुळे घडलं. दर शनिवारी लोक तिचं पुडिंग घ्यायला मिस एल्वीच्या दारात बसत आले होते. आता त्यासाठी रस्ता ओलांडावा लागे आणि पुडिंग घरी आणेपर्यंत गार होई. आधी ऑर्व्हिलचं घर पलीकडे गेलं. मग त्याच्या सासूचं, कारण ती त्याला सोडत नाही. नाताळ येईतो माझे सहाही तुकडे मोकळे झाले. वीक्सच्या गाईला तिकडे अडचण होऊ लागल्यामुळे ती माझ्याकडे येऊन चरते. तिला नोटीस दिलेली नाही.

निव्वळ व्यवस्थापन म्हणून पाहिलं तर पंप हिलची स्थिती इतकी चांगली कधीच नव्हती. थकबाकी शून्य. तक्रारी शून्य. बेकायदा बांधकाम शून्य. नियमांचं पालन शेकडा शंभर. परगण्यातल्या जमीनमालकांच्या संघाने मला खास भाषणाला बोलावलं. भाषण झाल्यावर सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सिमेंटबंदीचा ठराव एकमताने संमत केला.

पक्क्या इमारतींचे मालक हे वाचून हसतील, हे मी जाणून आहे. हसावं. तुमचा भाडेकरू वर्षानुवर्षं टिकून आहे, जिन्यात भेटला की हसतो, सणाला ताट झाकून गोडधोड आणून देतो. आपण माणूस म्हणून चांगले आहोत म्हणून तो राहिला आहे असं तुम्ही समजता. मीही तेच समजत होतो. तुमच्यामाझ्यात फरक इतकाच की माझ्या भाडेकरूंच्या भिंतींना खिळे होते आणि ते काढता आले. एकदा त्याला सहज विचारून पाहा, की भिंती उचलून नेता आल्या असत्या तर आज तो कोणाच्या जमिनीवर असता. उत्तर मात्र लेखी मागू नये.