कापसाला झालेली कावीळ

मी एकदा एका सकाळीत सात पोरांना कावीळ केली होती. त्यांना झाली नव्हती हो, मी केली होती. वय चौतीस, नर्सिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग, कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश आणि आपल्याला सगळं कळतं हा ठाम विश्वास. कावीळ करायला एवढं भांडवल पुरतं. आता ही गोष्ट सांगितली की नातवंडं पोट धरून हसतात. तेव्हा मात्र मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. ज्या बाईने मला त्यातून मानगूट धरून बाहेर काढलं, तिची ओळख आधी करून द्यायला हवी.

गांगुर्डे सिस्टर. पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या नर्स. सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही पाळ्यांची पोरं त्यांच्या ताब्यात, आणि नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हापासून मीही. मूळच्या सटाण्याकडच्या. बुटक्या, रुंद, आणि गणवेशाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. एकात कापूस, दुसऱ्यात फुटाणे. कापूस जखमेसाठी, फुटाणे रडण्यासाठी.

शाळेतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात औषधाच्या कपाटावर त्यांनी अख्ख्या शाळेचं वेळापत्रक डकवलं होतं. पोरगं पोट धरून आत आलं की सिस्टर आधी घड्याळाकडे बघत, मग वेळापत्रकाकडे, आणि सगळ्यात शेवटी पोराकडे.

"सातवी ब. तिसरा तास. गणित. कुठं दुखतंय?"

"मधे."

"मधे म्हणजे अपूर्णांक. बस दहा मिनिटं. फुटाणे खा. मग जा."

पोरांची नावंही त्यांनी तशीच पाडली होती. "ये रे भूगोल," "काय गं इंग्रजी, आज पुन्हा चक्कर?" मी नवी होते. मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. पुस्तकात तापमान, नाडी, श्वास असा क्रम दिलेला, आणि ही बाई घड्याळ बघते!

मग एक दिवस सहावीतली एक मुलगी पोट धरून आली. सिस्टरांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "खेळाचा तास चालू आहे," त्या मला म्हणाल्या. "ही लंगडीची कॅप्टन. खेळ सोडून आली म्हणजे खरं दुखतंय. सुमन, रिक्षा बोलाव." त्या दुपारी त्या मुलीचं अपेंडिक्स काढलं. मी तिला सोडा-पाणी द्यायला निघाले होते, हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

सिस्टरांना शिकायचा नाद होता. सरकारी प्रशिक्षणाची चिठ्ठी आली की बाकीच्या शाळांच्या नर्सबाई कपाळाला हात लावत. आमच्या सिस्टर आदल्या दिवसापासून पेन्सिलींना टोक काढत बसत. तिथे पहिल्या रांगेत बसून व्याख्यात्याला एवढे प्रश्न विचारत की चहा गार व्हायचा. आणि परत आल्यावर जे शिकल्या ते आमच्यावर वापरल्याशिवाय त्यांना चैन नसे. भाजल्यावरचे उपचार शिकून आल्या तेव्हा मी दोन दिवस कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते. हाताला काही झालेलं नव्हतं. घरी नवऱ्याने पोळ्या केल्या, हा त्यातला फायदा.

चक्कर आलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे शिकून आल्या तेव्हा त्यांनी थेट मुख्याध्यापकांना गाठलं. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. पदाने मोठे, आणि देहानेही.

"सर, शनिवारी प्रार्थनेनंतर तुम्ही पडायचं."

"मी? अहो, एखाद्या मुलाला पाडा ना."

"पोरगं पडलं तर पोरं हसतात आणि विसरतात. तुम्ही पडलात तर जन्मभर लक्षात ठेवतील."

आणि मोठे सर पडले. आधी चष्मा काढून शिपायाच्या हातात दिला, धोतराचा सोगा सावरला, खाली रुमाल अंथरला आणि मग बेशुद्ध झाले. पाचवीच्या चार पोरींनी त्यांचे पाय उचलून धरले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर पडत. एका महिन्यात त्यांना खरोखर कणकण होती, तरी पडायला आले.

सिस्टरांकडे एक जाडी वही होती. वर लिहिलेलं, 'मला न आलेलं.' आत त्यांच्या स्वतःच्या चुका. 'पाय मुरगळला म्हणून मलम लावलं. मोडला होता.' 'मुलगा खोटं बोलतो म्हटलं. खरं बोलत होता. माफी मागितली.' रोज शाळा सुटल्यावर त्या वहीत काहीतरी लिहायच्या, आणि काही नसलं तर अस्वस्थ व्हायच्या. "आज काय चुकलं तेच सापडत नाही, म्हणजे मोठंच चुकलेलं दिसतंय."

आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते त्या मला दिवसातून दहादा ऐकवत. "आधी बघ, मग घाबर."

मी नेमकं उलटं केलं.

दसऱ्याला दोन दिवस होते. सिस्टर प्रशिक्षणाला गेलेल्या. दवाखाना पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती. सकाळी नखं तपासायला वर्गात गेले तर पाचवीतल्या संगीताचे तळवे पिवळेजर्द. तिच्या शेजारणीचेही. मग पुढच्या वर्गात दोन, मग आणखी तीन. सगळी मखमलाबाद रस्त्यावरच्या एकाच गल्लीतली, एकमेकांची चुलत भावंडं. सातही जणांना आमच्या खोलीत आणलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. डोळेही पिवळे!

आता त्या खोलीच्या खिडकीला पिवळा पडदा होता. तो मीच आठवड्यापूर्वी हौसेने शिवून लावला होता. खोली प्रसन्न दिसावी म्हणून. त्या उजेडात मला भिंत, कपाट, फिनेलची बाटली, सगळंच कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. पण तेवढं बघायला सवड कुणाला?

संगीता सारखी काहीतरी सांगू बघत होती. ती "बाई, आमी ना..." म्हणाली की मी तिच्या तोंडात थर्मामीटर घालायची. काढला की पुन्हा "बाई, आमी सकाळी..." पुन्हा थर्मामीटर. त्या पोरीचा ताप मी पाच वेळा मोजला. पाचही वेळा नव्हता.

तासाभरात मी शाळेची पाण्याची टाकी रिकामी करवली, मैदानात तळं झालं. मोठ्या सरांना घाम फुटला. शाळा सोडून दिली आणि प्रत्येक पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली, की शाळेत काविळीचे सात रुग्ण सापडले आहेत, पाणी उकळून प्यावे. खाली माझी सही. लफ्फेदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी सातही पोरांना घरून बोलावून घेतलं, आणि खोलीत न नेता थेट अंगणात, उन्हात उभं केलं. डोळे दुधासारखे पांढरे. मग खिशातला कापूस काढला, खोबरेल तेलात बुडवला आणि संगीताच्या तळव्यावर घासला. तळवा गोरा झाला आणि कापूस पिवळा.

कापूस माझ्या नाकासमोर धरून सिस्टर म्हणाल्या, "बघ, कावीळ कापसाला झाली. याला टाकीचं पाणी पाजलं होतंस का?"

"झेंडू खुडत होतो, बाई," संगीता एका दमात म्हणाली. थर्मामीटर यायच्या आत. "दसऱ्याचा. पहाटंपासून."

मला वाटलं, मैदानातलं तळं अजून आटलं नसेल तर जाऊन उडी घ्यावी. सिस्टर रागावल्या की त्यांची सटाण्याकडची बोली बाहेर यायची. "येडी शे का तू?" एवढंच म्हणाल्या, आणि कपाटातून एक कोरी वही काढून माझ्या हातात दिली. "तुला दोनशेपानी लागेल."

गोष्ट इथे संपली असती तर मी सुटले असते. पण तेवढ्यात संगीताची आई शाळेच्या फाटकातून आत आली. हातात पाटी, पाटीत झेंडू. तिने पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नाही, सिस्टरांकडे बघून बोलायला लागली.

"सिस्टर, तुमच्या चिठ्ठीनं आमचा दसरा मोडला. सकाळधरनं गोदाकाठी बसलोय. लोक येत्यात, भाव इचारत्यात, आन् शेजारची म्हनती यांच्या घरात कावीळ हाय. झालं. पाटीला कोन हात लावत नाय. लय फूल हाय, सिस्टर. तीन घरांचं हाय. उद्या दुपारपर्यंत गेलं तर गेलं, नायतर गुरांपुढं टाकायचं."

तीन महिने त्या तीन घरांनी या दोन दिवसांसाठी झेंडू वाढवलेला. आणि माझ्या लफ्फेदार सहीने त्याचा कचरा होणार होता. मी पुटपुटले, "आपण दुसरी चिठ्ठी काढू. चूक झाली म्हणून."

"शाळा उद्या बंद," सिस्टर म्हणाल्या. "चिठ्ठी वाचणार कधी? दसरा झाल्यावर? ऊठ. टोपी घाल."

"कोणती टोपी?"

"नर्सची. लोकांनी लांबून ओळखलं पाहिजे."

आणि अर्ध्या तासात आम्ही दोघी पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर टोप्या घालून, गोदाकाठच्या फुलबाजारात संगीताच्या आईशेजारी गोणपाटावर बसलो होतो. सिस्टरांनी दोन्ही हात झेंडूच्या ढिगात कोपरापर्यंत खुपसले, चोळचोळून पिवळे केले आणि वर धरले.

"या या! कावीळ बघायची असेल तर इकडे या! मलाही झाली! फुकट दाखवते!"

बाजार थांबला. शाळेतल्या पोरांचे आई-बाप होतेच गर्दीत. एक जण म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इथं?"

"माझ्या शाळेची फुलं आहेत. आणि कावीळ बिवीळ काही नाही, ती या बाईंनी केली होती." पिवळं बोट माझ्याकडे. "ह्याच त्या. पहिल्या वर्गात पास झाल्यात. विचारा त्यांना."

आणि लोक विचारायला लागले हो! दर गिऱ्हाइकाला मला सांगावं लागे, "हो, माझंच चुकलं. पिवळा पडदा होता. तळव्यांना झेंडू लागला होता." पहिल्या पाच जणांना सांगताना मी गोणपाटाकडे बघत होते. दहाव्याला सांगताना मलाच हसू फुटलं. विसाव्यापर्यंत मी त्यात थर्मामीटरची नक्कल घालून सांगायला लागले. एक आजी तर नुसती गोष्ट ऐकायला थांबल्या आणि जाताना दोन किलो फुलं घेऊन गेल्या. मग मोठे सर आले, शाळेसाठी भली मोठी माळ घेतली, भर बाजारात ती स्वतःच्या गळ्यात घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या शाळेचं पाणी आणि आमच्या शाळेची फुलं, दोन्ही एकदम स्वच्छ!" त्यांच्यामागे मास्तरांची रांग लागली.

ऊन कलायच्या आत तिन्ही घरांच्या पाट्या रिकाम्या झाल्या. संगीताच्या आईने तळाशी राखून ठेवलेले दोन ढीग आमच्या पुढ्यात ओतले. माझ्याकडे बघून ती आता पहिल्यांदा हसली. "बाई, पुढच्या दसऱ्याला बी या हां बसायला. तुमी लय बोलता."

परतताना सिस्टरांनी आपली फुलं एका रिक्षावाल्याला देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, तुमच्या दाराला तोरण?"

"माझ्या दाराला कशाला? ते कोण बघतंय," त्या म्हणाल्या आणि लगेच विषय बदलून माझ्याशी जंतुनाशकाच्या बाटल्यांबद्दल बोलायला लागल्या.

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. शाळेत कुणाच्या घरी बारसं असो, आजारपण असो, सिस्टर पहिल्या हजर. पण त्यांच्या घरी आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. त्या कुणाबरोबर राहतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मी कावीळ लिहिली होती. घरी येऊन दुसऱ्या पानावर हे लिहिलं.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी मी, नवरा आणि आमची मुलगी पत्ता शोधत त्यांच्याकडे गेलो. हातात आपट्याची पानं आणि मी रात्रीतून ओवलेलं वेडंवाकडं तोरण. एका चाळवजा इमारतीत मागच्या बाजूची एक खोली. दार वाजवलं. आत काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला, दार उघडलं, आणि सिस्टर दारात. साध्या सुती साडीत, काखेत औषधाची पेटी, पायात चप्पलही चढवलेली.

"कोण पडलं?" त्यांनी विचारलं. "पोरीला काय झालं? ताप किती?"

"कुणी नाही पडलं, सिस्टर. सोनं द्यायला आलोय."

त्यांनी माझ्या मुलीच्या कपाळाला हात लावला, खात्री करून घेतली. मग नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तोरणाकडे. पेटी हळूच खाली ठेवली. पदराने एकुलती एक खुर्ची पुसली, मग तीच पुन्हा पुसली. आणि आमच्याकडे पाठ करून, स्टोव्हजवळच्या फळीवर काहीतरी शोधत म्हणाल्या,

"बावीस वर्षं राहतेय इथं. आजारी नसलेलं माणूस पहिल्यांदाच आलंय दारात. बसा, जमेल तिथं बसा. आणि सुमन, इकडे ये जरा, तीन-चार जणांच्या चहाला पाणी किती घालतात गं?"