एका कार्डाची वाटणी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भिंतीतल्या खोक्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला आणि कुणालीने घड्याळाकडे पाहिलं.

अकराला तिची चाचणी होती. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम द्यायला ठाण्याची कंपनी तयार होती, पण तिथल्या दळवी साहेबांचा शहापूर तालुक्यातल्या नेटवर काडीचा विश्वास नव्हता. अकरा ते एक, दोन तास त्यांच्या डोळ्यांसमोर काम करून दाखवायचं. लाइन एकदाही तुटली नाही तर घरून काम, तुटली तर सोमवारपासून रोज ठाणे. रुंजी अवघी दहा महिन्यांची होती. सकाळपासून तिने तोंडात घातलेल्या वस्तू कुणालीला तोंडपाठ होत्या: पेनाचं टोपण, एक चिंचोका, आजोबांच्या चष्म्याची दांडी. ठाण्यात बसून एवढी माहिती कोण ठेवणार?

घराची वाटणी गुढीपाडव्याला झाली होती आणि ती अतिशय समजूतदारपणे झाली होती, म्हणजे त्यानंतर कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. शेत झालं, खळं झालं, आंब्याच्या उगवतीकडच्या फांद्या थोरल्या हेमंतला आणि मावळतीकडच्या धाकट्या हरेशला झाल्या. सासूबाई गिरजा थोरल्याकडे गेल्या, सासरे धाऊ धाकट्याकडे आले. राहता राहिलं इंटरनेट. गावापर्यंत वायर एकच आली होती.

तेव्हा हरेशने डोकं चालवलं. तो मुरबाडच्या एका कारखान्यात संगणक सांभाळायचा. तिथून मोडीत निघालेला एक जुना सर्व्हर त्याने आणला आणि त्या एका खोक्यात दोन संगणक बसवले. बाहेरून दिसायचा एकच खोका. आत मात्र दोन वेगळी मशीन चालायची, एक थोरल्या घराचं, एक धाकट्या घराचं. खोक्याला नेटवर्क कार्ड एकच, पण त्याला पोर्ट दोन. एक पोर्ट या मशीनला देऊन टाकला, दुसरा त्या मशीनला. कुणी कुणाचं नेट ओढलं असं म्हणायला जागाच नको! खोका मधल्या भिंतीला भोक पाडून बसवला. तोंड इकडे, पाठ तिकडे. नेटची वायर इकडून, विजेची तिकडून. शिवाय आपलं मशीन इकडच्यांना परस्पर बंद करता येऊ नये, ही हेमंतची अट. भावाभावांच्या प्रेमाचं इतकं देखणं स्मारक अख्ख्या तालुक्यात नसेल.

कुणाली कॉम्प्युटरची पदवीधर होती. पोर्ट अडकला तर रीसेट मारायचा, हे तिला कळत होतं. तिने खोक्याच्या मुख्य पडद्यावर जाऊन आपल्या पोर्टचा रीसेट दाबला.

दिवा लागला नाही. उलट शेजारचा चांगला चालू असलेला दिवाही विझला. मग भिंतीपलीकडून ललिताचा, म्हणजे थोरल्या जावेचा, आवाज आला. तो अर्थातच कुणालीला उद्देशून नव्हता. तो भिंतीला उद्देशून होता.

"काही लोकांना दुसऱ्याचं चाललेलं बघवत नाय! बरोब्बर गळा कापताना बंद केलान!"

कुणालीने रुंजीच्या मुठीतला रबर काढून घेतला आणि हरेशला फोन लावला.

"अहो, पोर्ट अडकला होता, मी रीसेट मारला, तर दोन्ही गेले."

"मशीन बंद करून मारलास ना?"

"चालू होतं."

पलीकडे हरेशने एवढा मोठा श्वास सोडला की मुरबाडहून वारा आल्यासारखं वाटलं. "अगं, कार्ड आपण आतल्या मशीनला देऊन टाकलंय. दिलेली वस्तू परत घ्यायची तर आधी त्यानं सोडाया नको? ते धरून बसलंय नि तू वरून हिसकावतेस. दोघंपन लटकणार."

"मग आता माझं मशीन बंद करते."

"एवढ्यानं नाय होनार. पोर्ट दोन असले तरी कार्ड एकच हाय. रीसेट होतो तो अख्ख्या कार्डाचा. दोन्ही मशीनांनी कार्ड सोडलं की मग मारायचा."

"दोन्ही म्हणजे?"

"म्हणजे ललिता वयनीचं पन."

कुणालीने भिंतीकडे पाहिलं. मग आशेने म्हणाली, "सरळ खोकाच बंद करून चालू केला तर?"

"कर की. म्हातारा हाय तो, सगळ्या डिस्का तपासत बसतो. चाळीस मिनटं लागतात उठायला. किती वाजलं?"

"साडेदहा."

"मग वयनीशी बोल," हरेश म्हणाला आणि त्याच्या खात्यात अचानक फार काम निघालं.

बोल म्हणे! आठ महिन्यांत दोन्ही जावांमध्ये जे काही बोलणं झालं होतं ते भिंत, मांजर आणि धाऊबाबा यांच्यामार्फत. भिंत आणि मांजर निरुपयोगी होती. धाऊबाबा ओटीवर बसून होते आणि त्यांना असल्या कामाची हौस होती. पूर्वी गावच्या भांडणात ते पंच म्हणून बसायचे. ती भांडणं वर्षानुवर्षं टिकली होती.

"बाबा, वहिनींना सांगा, मशीन दोन मिनिटं बंद करा. मीही करते. लाइन लगेच येईल."

धाऊबाबांनी टोपी घातली, आपल्या दारातून बाहेर पडले आणि चार पावलांवरच्या थोरल्याच्या दारातून आत शिरले. कुणाली भिंतीला कान लावून बसली. रुंजीनेही लावला.

"ललिता, धाकली म्हनते, चूक झाली, माफी असावी."

कुणाली दचकली. असं ती कधी म्हणाली होती?

"माफी ठेवा तुमच्याकडं बाबा. हा ब्लाउज रत्नाबायचा हाय, उद्या लगनाला घालायचाय. शिवणाच्या क्लासवाल्या बाई पाठीचा गळा दाखवत होत्या, कैची मध्यावर नि बाई थांबल्या. गळा अर्धा कापलाय! पडद्यावर चित्र तरी हाय, अडकलेलं. मशीन बंद केलं तर तेवढंपन जाईल. मंग रत्नाबायला काय अर्ध्या गळ्यावर पाठवू?"

धाऊबाबा परत आले. "ती म्हनते, तुझ्यावर जीव हाय तिचा, पन जरा अडचन हाय."

"बाबा, मी ऐकलं सगळं."

"मंग मला कशाला धाडलास?" धाऊबाबा दुखावले आणि टोपी काढून बसले.

दहा चाळीस. कुणालीच्या डोळ्यांसमोर ठाण्याचं ऑफिस उभं राहिलं. मग घरात आजोबांच्या भरवशावर रुंजी, तिच्या हातात एक अख्खा चिंचोका. तिने मुलीला कडेवर घेतलं, एका हातात वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेतली आणि पाडव्यानंतर पहिल्यांदा थोरल्यांचा उंबरा ओलांडला.

ललिता कात्री उघडी धरून पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर क्लासच्या बाईही कात्री उघडी धरून होत्या. दोघींच्या चेहऱ्यावर भाव एकच.

"वहिनी, चित्र फोनवर काढून घेऊ? मग मशीन बंद करता येईल."

"फोनात एवढंसं दिसतं. हे बाईंनी खऱ्या मापाचं काढलंय. बोटानं मोजून बघितलंय मी."

"मग हे बघा." कुणालीने वर्तमानपत्र पडद्यावर पसरलं. मागच्या उजेडात गळ्याची रेघ स्वच्छ उमटली. "ह्यावर गिरवते. तेवढं हिला धरा."

ललिताने कात्री खाली ठेवली. रुंजी तिच्याकडे गेली ती अशी, जणू वाटणीचा कागद तिने कधी वाचलाच नव्हता.

"हाताला वळण नाय," ललिता मागून म्हणाली. "डावीकडं ढिली जाते रेघ."

"पेन्सिल बोथट आहे."

"कॉलेजात टोक काढाया नाय शिकवत?"

"शिकवतात, पण ते दुसऱ्या वर्षाला."

ललिता हसली नाही. फक्त तिने रुंजीच्या गालाला लागलेलं काजळ पदराने पुसलं, आणि ते कुणालीला जास्त खटकलं, कारण ते सकाळी तिच्याकडून राहून गेलं होतं.

दहा बावन्नला गळा कागदावर आला. आता दोघींनी एकदम मशीन बंद करायची. पण कुणी आधी दाबायचं?

"तू दाब आधी. तुझ्यापायी झालंय," ललिता म्हणाली.

"एकदमच दाबू ना. बाबा आवाज देतील."

धाऊबाबांचं दुखणं एका क्षणात बरं झालं. टोपी पुन्हा डोक्यावर गेली. ते दोन्ही दारांच्या मध्ये अंगणात उभे राहिले, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि घसा खाकरून भाषणाला सुरुवात केली. "तर मंडळी, आज दोन्ही घरांच्या संमतीनं..."

"बाबा!" दोन्ही घरांतून एकदम आवाज आला.

"हां! दाबा!"

दोन्ही मशीन बंद झाली. कुणालीने पडद्यावर पाहिलं: कार्ड मोकळं. तिने रीसेट दाबला. एक दिवा लुकलुकला, मग दुसरा. दहा सत्तावन्न.

"आधी कुणाचं चालू करतेस गो?" भिंतीतून प्रश्न आला. हा आता थेट कुणालीला होता.

"तुमचं. थोरलं."

"बरंय."

कुणालीचं मशीन दहा एकोणसाठला उठलं आणि अकराला दळवी साहेब पडद्यावर आले. रुंजी तिकडेच राहिली. दोन तास कुणाली अर्धं लक्ष कामावर आणि अर्धं भिंतीपलीकडच्या शांततेवर ठेवून बसली. शांतता कशाची, झोपेची की काही गिळल्याची? पण लाइन एकदाही तुटली नाही. एक वाजता साहेबांनी मान डोलावली.

"उत्तम. घरून काम मंजूर. मेल पाठवली आहे."

कुणालीने आधी मेल फोनवर उतरवून घेतली आणि मगच हसली. साहेबांनी विचारलं, "सकाळी दहा-वीसला तुम्ही गायब दिसलात. काय झालं होतं?"

तिने तिथे थांबायला हवं होतं. पण दोन तासांनी मोकळा झालेला माणूस जरा जास्तच बोलतो. तिने सगळं सांगितलं. एक कार्ड, दोन पोर्ट, दोन मशीन, दोन घरं, एकदम सोडणं. साहेब खुर्चीत पुढे सरकत गेले.

"अहो, आमच्याकडे हाच घोळ आहे! हिशेबवाले आणि विक्रीवाले, एका सर्व्हरवर दोन मशीन, कार्ड एक. दोन्ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत. महिन्यातून चारदा सगळं लटकतं. असं माणूस आम्हाला इथे समोर हवं! ती मेल विसरा. सोमवारपासून ठाण्याला या. रोज. पदही वाढवून देतो."

ललिता झोपलेल्या रुंजीला खांद्यावर टाकून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रोज ठाण्याला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "नि हिला कोन बघनार? मी? भाताची झोडणी चाललीय, सासूबाय नि हे दिवसभर खळ्यावर, रत्नाबायच्या पाठोपाठ अजून तीन ब्लाउज हायेत."

"मी काय करू वहिनी? नाही कसं म्हणू?"

ललिताने रुंजीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्या घरात गेली. भिंतीच्या त्या बाजूला कसलासा खट् आवाज झाला. खोक्याचे सगळे दिवे एकदम गेले. दळवी साहेब पुन्हा 'पद' म्हणायला उघडलेल्या तोंडानेच पडद्यावरून नाहीसे झाले.

"वहिनी! असा प्लग नाही काढायचा! उठायला चाळीस मिनिटं लागतात! आधी दोन्ही मशीन..."

"चाळीस मिनटं ना?" ललिता भिंतीतून म्हणाली. "मंग जेवून घे. इकडंच ये, सुक्या बोंबलाची चटणी केलीय. बाबांनापन आन."

तिघं ललिताच्या चुलीशी बसली आणि पहिल्या घासाला कुणालीचा फोन वाजला. तिचा हात भाकरीत होता. धाऊबाबांनी फोन उचलला.

"हां, बोला साहेब. नाय, सूनबाय मशीन उठवतेय." ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि पंचाच्या जुन्या आवाजात म्हणाले, "ठान्याला पाठवायचं म्हनता? नाय जमनार साहेब. तिला सोडायचं तर दोन्ही घरांनी एकदम सोडाया पायजे. आनि आमच्या दोन्ही घरांत बोलनंच नाय, काय करनार!"

ललिताने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.