दोन हातांचा नमस्कार

"शनिवारी कीर्तन संपलं की बुवा आरती करतील ती आपल्या मुलांनी काढलेल्या मारुतीची. बघत राहाल," मंदाकिनीकाकूंनी जाहीर करून टाकलं.

कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतभर टचस्क्रीन होता. सचिव जयसिंगराव म्हणाले, "काढू द्या. पण गोंधळ झाला, तर स्क्रीन कुलपात आणि मुलं हॉलबाहेर."

मुलं आठवडाभर खपली. एकाच स्क्रीनवर तिघांची बोटं एकदम चालायची. तनुजाकडे शेपटी, यास्मिनकडे डोंगर आणि पियुषकडे उरलेला देव. शेपटी डोंगरात घुसली तेव्हा जुंपलीच होती, पण यास्मिनने डोंगराला कात्रजसारखा बोगदा पाडून दिला आणि शेपटी पलीकडे सुखरूप निघाली.

कीर्तन काय रंगलं म्हणता! बुवांनी मारुतीचं उड्डाण असं गायलं की पंखेसुद्धा जरा जोरात फिरल्यासारखे वाटले. मग बुवा आरतीचं ताट आणायला आत गेले आणि इकडे दर्शनाला रांग लागली. कुणाच्या बोटाने रेघ उमटू नये म्हणून पियुषने स्क्रीनवरचं चित्र काढायचं पेन आधीच बंद केलं होतं. काकू निर्धास्त होत्या.

आनंदीबाईंनी देवाच्या दोन्ही पायांवर दोन हात टेकवले आणि भक्तिभावाने काचेवरूनच सरकवत जोडले. मारुती निम्मा झाला.

"अगंबाई, देव लांब गेला," त्या म्हणाल्या.

मागून सोनबांनी तसेच हात जोडले. मारुती मांजराएवढा. भीमरावांच्या नमस्कारानंतर उडदाएवढा.

"काकू, माझी शेपटी दिसत नाहीये," तनुजा रडवेली झाली.

जयसिंगरावांनी किल्ली काढली. "देव बारीक होत चाललाय, मंदाकिनीबाई. आता आवरा."

"पियुष, तू तिकडे ओढ, मी इकडे," यास्मिन म्हणाली. दोघांनी बोटं टेकवून जीव खाऊन ओढलं. भिंतभर मारुतीच्या पायाचा अंगठा पसरला, आणि नेमके तेव्हाच बुवा ताट घेऊन आले.

"अंगठा सुबक आहे," बुवा म्हणाले. "बाकीचा देव पुढच्या शनिवारी का?"

काकूंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण बुवांनी ताट खाली ठेवलं, अंगठ्याच्या दोन्ही कडांना हात लावले आणि काचेवरूनच सावकाश जोडत आणले. अंगठ्याचं पाऊल झालं, पावलाचा गुडघा, मग गदा, डोंगर, बोगदा, आणि शेवटी शेपटीच्या गोंड्यासकट अख्खा मारुती स्क्रीनभर उभा राहिला.

"पुण्याई बुवांची," आनंदीबाईंनी डोळे टिपले.

आरती झाली. किल्ली जयसिंगरावांच्या खिशात गेली. गहिवरलेल्या काकू दोन्ही हात पुढे करून स्क्रीनकडे निघाल्या, तर तिन्ही मुलं आडवी.

"काकू, लांबूनच!"

काकूंनी लांबूनच केला. तोही एका हाताने. दुसरा तनुजाने घट्ट धरून ठेवला होता.