ढग खाली का पडत नाही

जेवणानंतरचा तास ऑनलाइन घ्यायचा असेल, तर शिकवणाऱ्याने खुर्ची टणक घ्यावी. भूगोलाच्या सरांनी मऊ घेतली होती. पाठीला उशी, समोर लॅपटॉप, खिडकीत पांढरं आभाळ आणि पडद्यावर नुसते चौकोन. मुलांचे कॅमेरे बंद. एका चौकोनात मांजराचं चित्र, एकात फुटबॉल, एकात हिरवं पान, बाकीचे काळे. सर मनातल्या मनात मुलांना त्याच नावांनी ओळखत. अख्ख्या सत्रात त्यांतल्या एकाचाही आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

आता यात सगळी चूक मुलांचीच, असं काही म्हणवत नाही बुवा. सर प्रश्न छान विचारत. पण विचारून झाला की श्वास घ्यायच्या आत उत्तरही देऊन मोकळे होत. वर दोन उदाहरणं फुकट. मुलांनी बोलायचं तरी कधी?

शेवटी उपप्राचार्यबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या वर्गात कुणी बोलतच नाही. हे असंच चालणार असेल, तर पुढच्या सत्रापासून आपण रेकॉर्ड केलेले तास लावू. तुम्ही परीक्षा विभागात या."

परीक्षा विभाग म्हणजे दिवसभर सुतळीने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं. ढग, वारे, समुद्राचे प्रवाह यांच्यावर सरांचा जीव होता. मुलांवरही होता, पण तो दाखवायला चेहरे कुठे होते?

"मी करू तरी काय?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न विचारा आणि गप्प बसा. राहवत नसेल तर डोळे मिटा, मनात आकडे मोजा. कुणीतरी बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन बसते."

शुक्रवारी सर अंमळ जास्तच जेवले. घाबरले की त्यांना भूक लागते. लॅपटॉप उघडला, पण रेकॉर्डिंगचं बटण मुद्दाम दाबलं नाही. फजिती झालीच, तर निदान पुरावा तरी नको! बाई आल्या, मांजर आलं, फुटबॉल आला, पान आलं. सरांनी घसा साफ केला.

"एवढ्या मोठ्या ढगात कितीतरी पाणी असतं. मग ढग खाली का पडत नाही?"

उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. सरांनी ते गिळलं, दोन बोटं कपाळाला टेकवली, डोळे मिटले आणि आकडे मोजायला सुरुवात केली. बाहेर ऊन मवाळ झालं होतं. पंखा मंद फिरत होता. खिडकीचा पडदा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. एक, दोन, तीन... भरल्या पोटी, मऊ खुर्चीत, डोळे मिटून आकडे मोजायला लावल्यावर माणसाचं जे होतं तेच झालं. सरांची ब्रह्मानंदी टाळी लागली.

स्वप्नात ते खुर्चीसकट वर चालले होते. आजूबाजूला सगळे चौकोन तरंगत होते आणि एकेकाचं दार उघडत होतं. आतून कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण फार बरं वाटत होतं. झोपेतच सर म्हणाले, "हं. मग?" आणि आवाज वाढले.

जाग आली तेव्हा पडदा रिकामा होता. तास संपून सगळे निघून गेले होते. संपलं सगळं! आता सुतळी आणि गठ्ठे! तेवढ्यात फोन वाजला. उपप्राचार्यबाई होत्या.

"सर, कमाल केलीत! काय तो संयम! मुलं नुसती तुटून पडली होती बोलायला. आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. नजरेचं दडपण नको म्हणून ना?"

"हो... म्हणजे... दडपण नकोच," सर म्हणाले.

"फक्त एक करा. कोण काय बोललं त्यावर प्रत्येकाला दहापैकी गुण द्या आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. गुण आले की तुमचा विषय पक्का. नाहीतर वरचे लोक म्हणतील, नुसत्या गप्पाच झाल्या."

सरांच्या जिवात आलेला जीव पुन्हा निघून गेला. रेकॉर्डिंग नाही, आणि स्वतः तर ढगात. दारात बायको हसत उभी होती.

"तू पाहिलंस? मग उठवलं का नाहीस मला?"

"उठवायलाच आले होते हो! पण मुलं इतकी छान बोलत होती, मीच उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. एक मुलगी म्हणाली, ढग पडतच असतो, आपल्याला दिसत नाही. मग काय भांडलेत सगळे!"

"कोणती मुलगी? मांजर की पान?"

"मला काय ठाऊक? मी चहा ठेवायला गेले."

सर तसेच खुर्चीत बसून राहिले. गुणांचं राहू दे, पण त्यांना खरंच वाईट वाटत होतं. सबंध सत्र ज्या आवाजांची वाट पाहिली, ते याच खोलीत येऊन गेले होते. बायकोने ऐकले, बाईंनी ऐकले. आपण तेवढे झोपलो.

सोमवारी दुपारी पुन्हा तास होता. या वेळी बाई येणार नव्हत्या. सरांनी बेत आखला. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, तसेच डोळे मिटायचे, पण झोपायचं नाही. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मिटल्या डोळ्यांनी काही दिसणार नव्हतं. ऐकायचं आणि चाचपडत गुण लिहायचे.

"शुक्रवारचंच पुढे नेऊ. ढग खाली का पडत नाही?" एवढं बोलून त्यांनी कपाळाला बोटं टेकवली.

मग एक मुलगा खाकरला. हा फुटबॉलच असणार, असं सरांनी ठरवून टाकलं.

"मला अजून वाटतं, ढगाला वजनच नसतं. कापूसच असतो तो."

सरांच्या घशापर्यंत "अरे गाढवा" आलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"वजन नाही, तर पाऊस काय कापसातून पडतो?" एक बारीक आवाज म्हणाला. हे पान असावं.

"थेंब फार बारीक असतात," दुसरी मुलगी बोलली. तिच्या मागे खरंच एक मांजर ओरडत होतं, त्यामुळे शंकाच नव्हती. "ते पडतातच, पण इतके हळू, की खालून वर येणारी हवा त्यांना झेलत राहते. दमली हवा, की पडला पाऊस."

"आमच्याकडे सकाळी धुकं होतं," पान म्हणालं. "तेही ढगच ना? ते तर खालीच होतं. मी त्यातून चालत दूध आणलं."

"म्हणजे तू ढगातून दूध आणलंस!"

सगळे हसले. सरांनी इतकी माणसं एकदम हसताना कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. त्यांनी चाचपडत मांजराला दहा लिहिले, पानाला दहा. फुटबॉलपाशी पेन्सिल अडली. मग वाटलं, यानेच चुकीचं बोलून सगळ्यांना बोलतं केलं. त्यालाही दहा. कागद भरत होता, विषय वाचला होता.

तेवढ्यात फुटबॉल हळूच म्हणाला, "ए, सर आज जागे आहेत."

"कशावरून?"

"शुक्रवारी सर गाढ झोपले होते. आज मी कापूस म्हणालो, तेव्हा भुवई केवढी वर गेली, पाहिली नाहीस?"

सरांनी भुवई मुळीच हलू दिली नाही. पलीकडे कुजबुज झाली.

"मग आता? गप्प बसायचं?"

"नको ना," मांजर म्हणालं. "बोलत राहा. पहिल्यांदाच ऐकतायत ते."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. डोळे उघडावेत असं त्यांना फार वाटलं, पण उघडले असते तर पाणी दिसलं असतं. ते तसेच बसून राहिले, आणि फुटबॉल पुन्हा चुकीचं काहीतरी सांगू लागला.