लोखंडाचा नैवेद्य

झाऱ्याच्या दांड्याला कुणीतरी चावा घेतला होता.

सुमेधाने तो खिडकीपाशी धरला. टोकाला बारीक, तिरकी खाच. मग सांडशी पाहिली, उलथणं पाहिलं. प्रत्येकाच्या कडेला तशीच एक दाताची खूण.

"अहो, या घरात काहीतरी लोखंड खातंय."

"गंज असेल," लॅपटॉपमधून मान न काढता वासुदेव म्हणाला.

"स्टेनलेसला?"

बाहेर धुळीने दुबईतलं अख्खं अल नहदा गिळलं होतं. समोरचा टॉवरही दिसत नव्हता. एसी सुरू असूनही वासुदेवच्या मानेवर घाम आला. कारण घरातलं लोखंड तोच खात होता.

बाल्कनीत त्याने लाकूड कातायचा छोटा लेथ बसवला होता. लाकूड खरवडायची पातीही घरीच करायची, ही त्याची जिद्द. देऱ्याच्या बाजारातून आणलेली पोलादी पट्टी मऊ निघाली, मिनिटात धार गेली. जुनी मोडकी कानस घासून तिचं पातं केलं, तर ते ठिसूळ; तुकडा उडून कानाजवळून गेला. तेव्हापासून सुमेधा ऑफिसला गेली, की तो दिसेल त्या वस्तूवर कानस ओढून पाही. कानस घसरली तर पोलाद कडक. अजून एकदाही घसरली नव्हती. आणि सांगायची सोय नव्हती. सुमेधाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या भांड्यांना हात लागला, तर हा लेथ खलास!"

संध्याकाळी शेजारच्या नबिला भाभी सुरी घेऊन आल्या. "सुमेधा, ये देखो. हमारे यहाँ भी!"

वासुदेव गेल्या आठवड्यात त्यांचा नळ दुरुस्त करायला गेला होता.

"जिन तो लोहे से डरता है," नबिला भाभी कुजबुजल्या.

"हमारे यहाँ भूत भी डरता है. बच्चे के सिरहाने चाकू रखते हैं," सुमेधा म्हणाली. "पर ये तो लोहा ही खाता है."

वाऱ्याने बाल्कनीचं दार सरकलं. वासुदेवच सगळ्यांत आधी दचकला.

"डिस्कव्हरी गार्डन्समध्ये फ्लॅट बघू," सुमेधा त्याला म्हणाली. "बाल्कनी नसलेला. नाहीतर त्याला एकदा पोटभर खायला घालू."

"खायला घालू," वासुदेव घाईने म्हणाला.

अमावास्येच्या तिन्हीसांजेला बाल्कनीत परात मांडली. हळदकुंकू, लिंबू, पणती, आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरातून आलेलं लोखंड. नबिला भाभींनी मियाँच्या सुतारकामाच्या दुकानातलं रंध्याचं जाड पातं आणलं होतं. दार ओढून सगळे आपापल्या घरी गेले.

पाच मिनिटांनी वासुदेव चवड्यांवर बाहेर आला. पणती विझत आली होती. धुळीत अजान कुठून येतेय ते कळत नव्हतं. त्याने पात्यावर कानस ओढली. काचेवरून जावी तशी ती सुळकन घसरली. त्याच्या अंगावर काटा आला. पातं त्याने खिशात घातलं आणि मान वर केली, तर दाराच्या काचेत एक चेहरा.

"जेवलं का ते?" सुमेधाने विचारलं.

"हो... बहुतेक."

"आवडलं?"

"खूप." त्याने पातं खिशातून बाहेर काढलं. "तुला कधी कळलं?"

"झारा पाहिला त्याच दिवशी. ओट्यावर लोखंडाचा कीस सापडला. भूत खाताना सांडत नाही."

"मग लेथ...?"

"राहू दे." तिने परात उचलली. "भूत गेलं असं मात्र कुणाला सांगू नका. नबिला भाभींचे मियाँ पुढच्या अमावास्येला आणखी तीन पाती देणार आहेत."